अंगणातली भाकर आणि टाको

बुलढाण्याहून मलकापूरकडे निघाले की थोड्याच वेळात राजूर घाट लागतो. वर गार हवा, आणि घाट उतरून खाली आले की कानाला गरम वारा लागतो. आमच्या जिल्ह्यात माणसाची ओळख करून घेताना एक प्रश्न हमखास विचारतात, "तुम्ही घाटावरचे की घाटाखालचे?" आम्ही घाटाखालचे. आमचे मोताळा बुलढाणा आणि मलकापूर यांच्या मधल्या रस्त्यावर आहे. तालुक्याचे ठिकाण असले तरी चारी बाजूंनी शेतांनी वेढलेले. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर आणि अलीकडे नजर जाईल तिथे मका. नळगंगा नदी याच तालुक्यातून पुढे पूर्णेला मिळते, तिच्यावर धरणही आहे. तरीही एप्रिल-मे महिन्यात घराघरातून पाण्याचा हिशेब चालतो.

अशा गावात आमचे घर आहे आणि घरामागे वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद अंगण. त्यात एक लिंबाचे झाड, एक कढीपत्ता आणि बाकी वर्षानुवर्षे साठलेले सामान. या अंगणात आम्ही टाको पिकवला, असे सांगितले तर वाचक हसतील. आमचे शेजारीही आधी हसलेच होते.

टाको घरात आला तो मोबाईलमधून. उन्हाळ्याच्या सुट्टीत धाकट्याने एक व्हिडिओ पाहिला. लहानशा रोटीत खिमा, टमाटे, कांदा, चटणी घालून ती दुमडायची आणि हातात धरून खायची. "अब्बा, हा टाको आहे. पुण्याला मिळतो. आपण कधी जायचं?" पुणे लांब, आणि एवढ्याशा रोटीसाठी कोण जाणार? दादी, म्हणजे आमची अम्मी, खाटेवर बसून पान लावत होती. तिने मोबाईल हातात घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाली, "इसमें ऐसा क्या है जो अपने यहाँ नहीं उगता?"

आम्ही यादी करून पाहिली. रोटी मक्याची. वर टमाटे, मिरची, कांदा, लिंबू. सांबार, म्हणजे पुण्या-मुंबईकडच्या वाचकांची कोथिंबीर. त्याशिवाय शिजवलेल्या शेंगांचे दाणे. तिकडे राजमा घेतात. आमच्या उष्ण हवेत तो नीट येत नाही, म्हणून आम्ही चवळी ठरवली. एक आवोकाडो तेवढा आमच्या आवाक्याबाहेरचा होता, तो यादीतून काढला. थोरलीने वहीत तक्ता काढला आणि ठरले, दिवाळीच्या सुट्टीत टाको खायचा तो आपल्या अंगणातला.

पेरणी

मृगाचा पाऊस झाल्यावर सामान हलवून अंगण मोकळे केले. काळी माती पावसात चिकट होते आणि पाणी धरून ठेवते, म्हणून वाफे वीतभर उंच केले. त्यात जुने शेणखत मिसळले. शेजारच्या काकांनी शेतातल्या पेरणीतून उरलेले मूठभर मक्याचे बी दिले. ते औषध लावलेले, गुलाबी रंगाचे होते. मुलांना आधी सांगितले की हे बी तोंडात घालायचे नाही आणि पेरून झाले की हात साबणाने धुवायचे.

मक्याबद्दल एक गोष्ट अंगणात लावणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. तो कुंपणाच्या कडेने एका रांगेत लावू नये. मक्याचा तुरा वर असतो, कणीस मध्ये. तुऱ्यातले पराग वाऱ्याने उडून कणसाच्या केसांवर पडावे लागतात. कणसाचा एक-एक केस आत एका-एका दाण्याला जोडलेला असतो. ज्या केसावर पराग पडला नाही त्याचा दाणा भरत नाही. एका रांगेत झाडे असली की वारा पराग भलतीकडे नेतो आणि कणसे बोळकी राहतात. म्हणून आम्ही चार आखूड ओळी केल्या, प्रत्येकीत आठ झाडे. दोन ओळींत दोन फूट, दोन झाडांत एक फूट. पुढे केस बाहेर आले तेव्हा एक कणीस धाकट्याने मुद्दाम कागदाच्या पिशवीत झाकून ठेवले. ते सोलले तर आत जवळजवळ एकही दाणा नव्हता. पुस्तकातला परागीभवनाचा धडा आम्ही वर्गात अनेक वर्षे शिकवला, पण त्या रिकाम्या कणसाने तो जितका समजावला तितका आम्हाला कधी समजावता आला नव्हता.

मिरचीची सहा आणि टमाट्याची आठ रोपे बाजारातून आणली. टमाट्याला काठ्यांचा आधार दिला, खालची पाने काढली, कारण पावसात मातीचे शिंतोडे पानांवर उडाले की करपा लवकर येतो. वाफ्याच्या कडेला झेंडू लावला. चवळी मक्याच्या बाजूला पेरली, ती मक्याच्या ताटांवर चढली. मेक्सिकोचे शेतकरी फार जुन्या काळापासून मका, शेंगा आणि भोपळा एकाच रानात लावतात. शेंगवर्गीय पीक मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देते, मका वेलाला आधार देतो, भोपळ्याची पाने जमीन झाकतात. आमच्याकडच्या कपाशीत तुरीचे तास टाकणाऱ्या शेतकऱ्याला हे नव्याने सांगायला नको.

सांबाराने मात्र आम्हाला दमवले. भर पावसात दोनदा पेरला, दोनदा सडला. शेवटी सप्टेंबरात पाऊस ओसरल्यावर धणे हलकेच रगडून दोन फोडी केल्या, रात्रभर भिजवले आणि पेरले, तेव्हा आठ-दहा दिवसांत तरारून आला.

पावसाने मध्येच तीन आठवडे दडी मारली. दादी वजू करते त्या दगडाखालून आम्ही एक छोटी चारी काढून टमाट्याच्या वाफ्यात सोडली. पाच वेळच्या वजूचे साबण नसलेले स्वच्छ पाणी झाडांना मिळू लागले. वाहत्या नदीकाठी बसूनही पाणी उधळू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. त्या तीन आठवड्यांत ती आम्ही अंगणात पाहिली.

अळी आणि पोपट

मका गुडघाभर झाला आणि एका सकाळी पोंग्यात भुसा दिसला. पाने चाळणीसारखी झाली होती. काकांनी पाहताच सांगितले, लष्करी अळी. ही अळी मूळची अमेरिका खंडातली. भारतात ती पहिल्यांदा 2018 साली कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोहोचली. मका आपल्याकडे येऊन काही शतके झाली, त्याचा जुना वैरी आत्ता त्याला शोधत आला.

फवारणीचे औषध अंगणात नको, असे घरात ठरले, कारण तिथेच मुले खेळतात. रोज सकाळी फजरनंतर दोघे मुलांनी पोंगे तपासायचे, अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकायच्या. पोंग्यात चिमूटभर बारीक माती टाकायची. आठवड्यातून एकदा निंबोळी अर्क. बत्तीसपैकी पाच झाडे गेली, बाकीची वाचली.

पुढे कणसे भरली तसे पोपट आले. धाकटा त्यांना हाकलायला धावला तेव्हा दादीने त्याला हदीसचा आशय सांगितला, की मुसलमानाने लावलेल्या झाडातून, पेरलेल्या पिकातून माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तर तो लावणाऱ्याचा सदका होतो. पोराने विचार करून विचारले, "फिर इल्ली ने खाया तो?" दादी म्हणाली, "इल्ली भी अल्लाह की मख़लूक़ है बेटा, लेकिन उसको सारा खेत नहीं देना." दोन कणसे पोपटांसाठी ठेवायची, असा करार झाला. पोपटांनी तो पाळला नाही, हे वेगळे सांगायला नको.

एक प्रश्न

ऑगस्टमध्ये एके दिवशी थोरली शाळेतून आली ती गप्प गप्प. रात्री दस्तरखानावर तिने दादीला विचारले, "दादी, हम लोग कहाँ से आए?" इतिहासाच्या तासानंतर वर्गातल्या एका मुलाने तिला म्हटले होते, तुम्ही लोक तर बाहेरून आलात. मुलगा वाईट नव्हता, कुठेतरी ऐकलेले बोलला होता. पण आठवीतल्या मुलीला तो शब्द लागला. आम्हालाही लागला, आणि त्या क्षणी काय बोलावे ते सुचले नाही. वर्गात पन्नास मुलांसमोर उत्तरे देणारी माणसे आम्ही, स्वतःच्या मुलीसमोर अडखळलो.

दादी अडखळली नाही. ती म्हणाली, "तुझे पणजोबा याच तालुक्यात गावोगाव फिरून कापूस पिंजायचे. त्यांच्या आधीचेही इथलेच. चार पिढ्यांच्या कबरी या कब्रस्तानात आहेत. आपण कुठून येणार? आपण इथेच होतो." मग थोडे थांबून तिने ताटातल्या ठेच्याकडे बोट केले. "और ये मिर्ची? पूछ इससे, कहाँ से आई."

मुलीने खरेच विचारले आणि मग आम्हाला सगळे शोधून सांगावे लागले.

मका सुमारे 9000 वर्षांपूर्वी दक्षिण मेक्सिकोत एका रानगवतापासून माणसाने घडवला. नाव मक्केसारखे असले तरी तो मक्केहून आलेला नाही. मिरची आणि टमाटाही त्याच खंडातले. 'टोमॅटो' हा शब्द मेक्सिकोच्या जुन्या नाहुआटल भाषेतल्या 'तोमात्ल'वरून आला. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला आणि त्या शतकात त्यांच्या जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली. चवळी आफ्रिकेची. उलट टाकोवरचे लिंबू, कांदा आणि सांबार मेक्सिकोचे नाहीत, ते आपल्या बाजूच्या जगातून तिकडे गेले. लिंबू आशियातले. अरबांनी ते अंदलुस म्हणजे स्पेनमध्ये नेले, स्पेनच्या लोकांनी मेक्सिकोत. स्पॅनिश भाषेत लिंबाला 'लिमोन' म्हणतात. आम्ही उर्दूत लीमू म्हणतो, अरबीत लैमून. साखरेला ते 'असुकार' म्हणतात, अरबी सुक्करवरून. आणि मेक्सिकोच्या पुएब्ला शहरात 'टाकोस आराबेस' म्हणजे अरबी टाको मिळतात. लेबनॉन-इराककडून तिकडे जाऊन स्थायिक झालेल्या लोकांनी विसाव्या शतकात ते सुरू केले. आज पुएब्लाचे लोक ते आपल्या शहराची ओळख म्हणून सांगतात.

रोहिणखेडला

पुढच्या रविवारी आम्ही सगळे रोहिणखेडला गेलो. आमच्याच तालुक्यातले हे गाव घाटाच्या पायथ्याशी आहे. आज शांत वाटते, पण दख्खनच्या इतिहासात त्याचे नाव दोन लढायांमुळे आहे. 1437 मध्ये बहमनी सेनापती खलफ हसन याने खानदेशच्या नासिर खान फारुकीचा इथे पराभव केला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगरच्या गादीसाठी बुऱ्हाण निजामशाह आणि जमाल खान यांच्यात इथेच लढाई झाली. म्हणजे मुसलमान राजे मुसलमान राजांशीच लढले. थोरलीने हे लगेच टिपून घेतले.

गावात खुदावंद खान महदवीने 1582 मध्ये बांधलेली दगडी मशीद आहे. आम्ही सावलीत बसलो. दगडाला हात लावून थोरली म्हणाली, हे दगड तर इथल्याच डोंगराचे दिसतात. आम्ही तिला आणखी एक गोष्ट सांगितली. ही मशीद बांधली गेली त्याच काळात अकबराच्या दरबारात अबुल फजल 'आईन-ए-अकबरी' लिहीत होता. त्यात शाही मुदपाकखान्यातल्या पदार्थांचे साहित्य दिले आहे. मिरे आहेत, आले आहे, लवंग आहे, मिरची नाही. बादशहाच्या ताटात जी नव्हती, ती या मशिदीच्या पाथरवटांच्या भाकरीवर तरी कुठून असणार?

"म्हणजे ही मशीद आपल्या ठेच्यापेक्षा जुनी?" तिने विचारले.

"तसंच दिसतं."

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "ठेचा वऱ्हाडी नाही असं म्हणून दाखवा बरं कोणी." आम्ही तिला एवढेच सांगितले, की आपण तर बाहेरून आलोच नाही, पण समजा आलो असतो, तरी जी चीज या मातीत वाढली, इथल्या उन्हात पिकली, इथल्या माणसांच्या पोटात गेली, तिला पाहुणी कोण म्हणतो? त्या मुलावर राग धरू नको. त्याला दिवाळीत घरी बोलाव.

दिवाळीचा दिवस

ऑक्टोबरच्या मध्याला मका वाळला. सत्तावीस कणसांतली अर्धी मुलांनी हिरवी असतानाच भाजून खाल्ली होती. उरलेल्यांचे दीड किलो दाणे निघाले. सहापैकी एक मिरचीचे झाड चुरडा-मुरड्याने गेले होते, पण पाच झाडांनी डबा भरून मिरच्या दिल्या.

मक्याचे कोरडे पीठ करून भाकरी आपल्याकडे करतात, पण ती दुमडली की तुटते. मेक्सिकोच्या बायका हजारो वर्षे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवतात. त्याने साल सुटते, पीठ चिकट होते आणि मक्यातले एक जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. युरोपात मका गेला पण ही रीत गेली नाही, तेव्हा केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग झाला. आमच्याकडे चुना दादीच्या पानदानात होताच. एक किलो दाण्यांना तीन लिटर पाणी आणि दहा ग्रॅम खायचा चुना. भिंतीचा चुना चालत नाही, आणि भांडे स्टीलचे घ्यावे, अॅल्युमिनियमचे नको. पाऊण तास शिजवले, रात्रभर तसेच ठेवले, सकाळी चोळून तीन पाण्यांनी धुतले आणि पाट्यावर वाटले.

पहिल्या चार रोट्या फाटल्या. वाटण जाडे राहिले होते. पुन्हा बारीक वाटले, थोडे पाणी लावून मळले, दुधाची पिशवी कापून तिच्या दोन पदरांमध्ये गोळा ठेवला आणि वरून पाट दाबला. तापलेल्या तव्यावर पहिली रोटी फुगली तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. दादीने तुकडा तोडून खाल्ला आणि निकाल दिला, "ये तो अपनी भाकरच है. छोटी हो गई बस."

त्या सकाळीच काकूंकडून फराळाचे ताट आले होते. आपल्याकडे शेजाऱ्याचे ताट रिकामे परत करत नाहीत. म्हणून खिमा चुलीवर चढण्याआधी, वेगळ्या भांड्यात चवळी शिजवून आठ टाको केले. वर टमाटे, पातीचा कांदा, सांबार, हिरव्या मिरचीचा ठेचा, चक्का आणि लिंबू. थोरली ताट घेऊन गेली. काकूंनी विचारले, "हे काय व्हय बाई?" ती म्हणाली, "काकू, टाको. मका तुमचा, चुना आमचा."

दुपारी तिच्या वर्गातला तो मुलगा आला. त्याच्या आईने त्याच्याबरोबर चकल्या पाठवल्या होत्या. त्याला जुना प्रश्न आठवत होता की नाही, कोण जाणे. आम्हीही काढला नाही. त्याने तीन टाको खाल्ले, चौथा मागितला आणि ठेचा तिखट लागला म्हणून डोळे पुसत विचारले, "ही मिरची कुठून आणली?"

थोरलीने आमच्याकडे पाहिले. मग त्याला हाताला धरून मागच्या दारी नेले आणि झाड दाखवले. "इथूनच," ती म्हणाली.

आता अंगणात लसूण आणि मेथी आहे. मक्याचे बी आम्ही ठेवले नाही, कारण संकरित वाणाचे घरचे बी पुढच्या वर्षी तसेच येत नाही. ते काकांकडूनच घेऊ. चवळी, मिरची आणि धण्याचे बी मात्र सावलीत वाळवून, राख लावून बाटल्यांत भरले आहे. दोन पुड्या बांधून तयार आहेत, एक काकूंची आणि एक त्या मुलाच्या घरची. मृगाचा पाऊस पडला की इन्शाअल्लाह तीन अंगणांत पेरणी होईल.